हिवाळ्यातला एक दिवस पुण्याभोवतीच्या पक्ष्यांसोबत: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

पक्षी बघायला सुरुवात करायची असेल तर मी कुणालाही डिसेंबर-जानेवारीतच निघायला सांगतो. पावसाळ्यात झाडी इतकी माजलेली असते की पक्षी नुसता ऐकू येतो. उन्हाळ्यात नवाच्या आत ऊन तापतं आणि पक्षी सावलीला दडतात. हिवाळ्यात पानगळ सुरू झालेली असते, नदीचं आणि तळ्यांचं पाणी उतरून चिखलाचे काठ उघडे पडलेले असतात, आणि हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सायबेरियातून आलेले पाहुणे एव्हाना इथे रुळलेले असतात. बदकांच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नुकती आलेली नर बदकं बरीचशी मादीसारखीच तपकिरी दिसतात. जानेवारीपर्यंत त्यांना विणीचे रंग चढतात आणि नवख्यालाही ती ओळखू येतात.

पुण्यात राहणाऱ्या माणसाचं नशीब असं की दीड-दोन तासांच्या अंतरात नदी, तळी, टेकड्या, घाटातलं जंगल आणि माळरान असं सगळंच आहे. त्यामुळे पहिल्याच रविवारी पाषाण तलाव, कवडीपाट, सिंहगडाचं खोरं आणि जमलं तर भिगवणही उरकून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. दिवस गाडीत जातो आणि पक्षी खिडकीतून दिसतात. एका दिवसाला दोन जागा पुरे, आणि त्या दोन्ही जागी भरपूर वेळ थांबायचं. या लेखात मी सकाळी कवडीपाट आणि संध्याकाळी दिवे घाटावरचा माळ असा दिवस आखला आहे. दोन्ही शहराच्या एकाच अंगाला आहेत, आणि दोन्हीकडचे पक्षी इतके निराळे की पाणी आणि कोरडं गवत यांतला फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरतो.

आधीचे आठ-दहा दिवस: घराभोवतीचे पक्षी

नदीवर जाण्याआधी रोज सकाळी अर्धा तास घराजवळ फिरा. वेताळ टेकडी, पर्वती, एम्प्रेस गार्डन, सोसायटीची बाग, काहीही चालेल. कावळा, कबुतर, साळुंकी, घार, चिमणी हे तुम्हाला येतातच. त्यात लालबुड्या बुलबुल, दयाळ, चीरक, शिंपी, तांबट, शिंजीर, कोतवाल, वेडा राघू, भारद्वाज, टिटवी आणि खंड्या एवढे मिळवा. हे पक्षी पाठ झाले की बाहेरगावचा पाहुणा आपोआप वेगळा दिसू लागतो. यांना वगळून थेट रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकांकडे गेलेली माणसं वर्षभरानंतरही दयाळ आणि चीरक यांच्यात घोटाळतात.

या दिवसांतच पहिला पाहुणा बहुधा सोसायटीतच भेटेल. पार्किंगच्या भिंतीवर किंवा बागेच्या कुंपणावर चिमणीएवढा काळा पक्षी, पोट आणि शेपटी विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरतेय, तर तो थिरथिरा. मादी फिकट तपकिरी असते, पण शेपटीची थरथर तीच. दूरच्या थंड मुलखात वीण करून तो इथे येतो आणि दिवसाचा बराच वेळ एकाच कोपऱ्यात राहतो. रोज त्याच जागी बघत राहा, त्याच्या सवयी कळतील. मोठ्या वडा-पिंपळाचा शेंडा सकाळच्या पहिल्या उन्हात जरूर तपासा. आपला राज्यपक्षी हरियाल तिथे ऊन खात बसतो. हिरवट-पिवळं अंग आणि पिवळे पाय उन्हात झळकतात, नाहीतर तो पानांत पार मिसळून जातो.

दुर्बीण

कॅमेरा नंतर घ्या, आधी दुर्बीण. कॅमेरा हातात असला की लक्ष फोटोवर जातं आणि पक्षी काय करतोय ते बघायचं राहून जातं.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८ × ४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. नवख्याने हीच घ्यावी. दहापट किंवा बारापट घेतली की हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि नजरेत येणारा भाग अरुंद होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडतच नाही. वीस-तीसपट झूम होणाऱ्या स्वस्त दुर्बिणींच्या जाहिरातींकडे वळूनही पाहू नका. आठ-दहा हजारांत सुरुवातीची चांगली दुर्बीण मिळते. तेवढे खर्चायचे नसतील तर पहिले काही दिवस कुणाची तरी मागून आणा. पक्षीमित्र दुर्बीण हातात द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत.

घरीच ती डोळ्यांना जुळवून घ्या. प्रथम दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांइतकं करा, म्हणजे दोन गोलांचा एक गोल दिसेल. मग उजवा डोळा मिटून समोरच्या इमारतीवरची पाटी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि मधलं चाक न हलवता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. एकदा हे झालं की पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी वाटी आत दाबून ठेवा आणि चष्म्यासकट बघा.

सगळ्यात अवघड वाटते ती गोष्ट पक्षी दुर्बिणीत सापडण्याची. त्याची युक्ती अशी: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखा. मान हलवू नका, नजर हलवू नका, फक्त हात वर नेऊन दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. बहुतेक जण आधी खाली दुर्बिणीकडे बघतात, मग ती डोळ्यांना लावतात आणि मग झाड शोधत बसतात. तोवर पक्षी उडालेला असतो. गॅलरीतून तारेवरच्या कावळ्यावर हा सराव करा. दोन-तीन दिवसांत हात बसतो.

आदल्या रात्री

कपडे मातकट किंवा हिरवट, भडक रंग आणि पांढरा नको. पहाटे नदीकाठी बोचरी थंडी असते आणि अकराला घाम येतो, तेव्हा एकावर एक दोन थर घाला. टोपी, पाणी, बूट, छोटी वही, पेन्सिल. न्याहारी घरून न्या, म्हणजे भूक लागली म्हणून ऐन वेळी जागा सोडावी लागत नाही. सोबत एक-दोन माणसं असावीत, जास्त नकोत. नदीकाठी आणि माळावर आडबाजूला फिरायचं असतं, त्यामुळे कुठे जातोय ते घरी सांगून ठेवा.

सकाळ: कवडीपाट

सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून लोणी काळभोरच्या दिशेने निघालं की कवडीपाटचा जुना टोलनाका येतो. तिथून डावीकडे मुळा-मुठेच्या काठी जाता येतं. गाडी नसेल तर हडपसर गाडीतळावरून लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बस आहेत. नाक्याजवळ उतरून पुढचं अंतर चालावं लागतं.

या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो. पावणेसातला काठावर हजर असा. पाण्यावर धुकं असेल तर घाई करू नका, ते उठेपर्यंत कान वापरा. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यामुळे इथे एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला उथळ खळाळ आणि मध्ये खडक, चिखल असं सगळं एकत्र मिळतं. त्यामुळेच एवढ्याशा जागेत इतक्या तऱ्हेचे पक्षी दिसतात. आपण नदीच्या दक्षिण काठाला उभे असतो आणि हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणून उजेड आपल्या मागून, उजव्या बाजूने येतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. पक्षीनिरीक्षणात कुठेही गेलात तरी आधी सूर्य पाठीशी घ्या. समोरून ऊन आलं की चक्रवाक आणि कावळा दोन्ही काळेच.

आता एका जागी बसा, आणि निदान अर्धा तास तिथून हलू नका. तुम्ही आल्यावर काठचे पक्षी जरा सरकलेले असतात. दहा-पंधरा मिनिटांत ते परत येतात आणि पुढे येऊन चरू लागतात. जे सतत काठाने चालत राहतात त्यांना पक्ष्यांच्या पाठीच दिसतात.

बघायला सुरुवात जवळून करा. पायांपासून चार-पाच मीटरवर, दगडांवर शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु पळणारे धोबी असतील. नवख्यासाठी याहून चांगला धडा नाही. काळा-पांढरा, मोठा, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला कवड्या धोबी आपला कायमचा रहिवासी आहे. चेहरा पांढरा आणि पाठ राखी असेल तर तो पांढरा धोबी, हिवाळी पाहुणा. पोटाला पिवळा रंग असेल तर करडा किंवा पिवळा धोबी. करड्याची पाठ राखी आणि शेपटी फारच लांब असते, पिवळ्याची पाठ हिरवट असते. एकाच खडकावर हे चारही दिसू शकतात. चार पक्षी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक बघायची संधी क्वचित मिळते, ती सोडू नका.

उथळ पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचे काळे-पांढरे शेकाट्या ओळखायला सोपे. त्यांच्या आसपास ठेंगणे, तपकिरी, चिखलात चोच खुपसणारे पक्षी असतील, त्या तुतारी. हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी, साधी तुतारी यांच्यातला फरक सांगायला अनुभवी माणसंही दुर्बीण लावून थांबतात. पहिल्या दिवशी वहीत फक्त ‘तुतारी’ लिहा आणि पुढे जा. यात काही कमी नाही.

मग पाण्याकडे वळा. बदकांचा थवा दिसला की आधी चोच बघा. चोच पुढे पसरट फावड्यासारखी असेल तर थापट्या. हे बदक चोच पाण्यात लोटत सरळ पुढे जातं आणि पाणी गाळून बारीक जीव, बिया खातं. बरेचदा पाच-सहा थापटे एकाच जागी गोल गोल फिरताना दिसतील. एकाने ढवळलेलं अन्न दुसऱ्याला मिळतं. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके असतील तर हळदी-कुंकू, म्हणजे धनवर. हे इथलंच. लांब मानेचं, टोकदार शेपटीचं ते तलवार बदक. आणि भगव्या-तांबूस रंगाची, आकाराने मोठी, बहुधा जोडीने बसलेली ती चक्रवाक. लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांच्या परिसरात त्यांची वीण होते. संस्कृत काव्यातल्या चक्रवाकाच्या जोडीची रात्रभराची ताटातूट आपण शाळेत वाचलेली असते. प्रत्यक्षात ती जोडी हडपसरच्या पलीकडे, मालगाडीच्या आवाजात शांत बसलेली बघताना मला दर हिवाळ्यात तितकाच आनंद होतो.

काठाच्या झुडपांत आणि लव्हाळ्यातही डोकवा. जमिनीलगत, शेपटी उंच करून पळणारा छोटा पक्षी अचानक वळला आणि गळ्यावर निळा-तांबूस पट्टा चमकला, तर तो शंकर. तो फार वेळ उघड्यावर राहत नाही. दिसल्या जागी नजर ठेवून थांबलात तर पुन्हा बाहेर येतो. राखी बगळा, जांभळा बगळा, वंचक, काळा शराटी, मोर शराटी, चित्रबलाक, पाणकावळे, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत राहून मग सूर मारणारा कवड्या खंड्या, नदी सुरय हे सगळे आलटूनपालटून दिसत राहतील. सगळ्यांचीच नावं त्या क्षणी लागायला हवीत असं नाही.

एकदम सगळी बदकं उडाली तर वर बघा. पाण्यावरून कमी उंचीने, पंख किंचित वर धरून तरंगत येणारा मोठा तपकिरी शिकारी पक्षी असेल, त्याचं डोकं फिकट पिवळट असेल, तर दलदली भोवत्याची मादी आली आहे. घारीची शेपटी दुभंगलेली असते, भोवत्याची लांब आणि सरळ. हा एक फरक आला तरी अर्धा गोंधळ मिटतो.

ओळखताना रंग शेवटी बघायची सवय लावा. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा की घारीएवढा? मग चोच आणि पाय. मग वागणं: पळतो, उड्या मारतो, शेपटी हलवतो, बुडी मारतो? मग जागा: चिखल, दगड, झुडूप, खोल पाणी? एवढं टिपलं की पुस्तकात शोधायला मोजकेच पक्षी उरतात. नुसतं ‘तपकिरी होता, छान होता’ एवढंच आठवत असेल तर कुणीही मदत करू शकत नाही.

या पाण्याबद्दल

कवडीपाटला पहिल्यांदा गेलेला माणूस दोन गोष्टी बघून चक्रावतो: एवढे पक्षी आणि एवढी घाण. पुण्याचं सांडपाणी इथून वाहतं. बंधाऱ्याखाली फेस येतो, जलपर्णीत प्लास्टिक अडकलेलं असतं. मग प्रश्न पडतोच की पाणी इतकं खराब तर पक्षी का येतात? सांडपाण्यात सेंद्रिय गाळ भरपूर असतो आणि त्यात डासांसारख्या कीटकांच्या अळ्या अफाट वाढतात. धोबी, शेकाट्या, भिंगऱ्या आणि काही बदकांना ती मेजवानी असते. म्हणजे घाणीत तग धरणाऱ्या पक्ष्यांची इथे चंगळ आहे, आणि स्वच्छ पाण्यातले मासे, शिंपले, पाणवनस्पती यांवर जगणाऱ्यांची नाही. थवा मोठा दिसला म्हणून नदीची तब्येत चांगली आहे असा अर्थ कुणी काढला तर त्याला हे जरूर सांगा. आणि स्वतः पाण्यात हात घालू नका, खाण्याआधी सोबतच्या पाण्याने हात स्वच्छ धुवा.

शहरात येरवड्याजवळ नदीकाठी झाडीचा एक पट्टा आहे, त्याला लोक डॉ. सालिम अली अभयारण्य म्हणतात. तिथेही हिवाळ्यात एक सकाळ काढा. नदीचे काठ सिमेंटने बांधून काढायची भाषा होते तेव्हा नेमकं काय जातं, ते अशा जागी उभं राहिलं की कळतं. तुतारीला चिखलाचा उतार लागतो, खंड्याला मातीची दरड लागते, शंकरला लव्हाळं लागतं. सरळ भिंतीवर यातलं काहीच नसतं.

दुपार

साडेनऊ-दहानंतर काठचे पक्षी विसावतात, पण शिकाऱ्यांची वेळ आता सुरू होते. जमीन तापून हवा वर चढू लागली की घारी आणि गरुड त्यावर गोल गोल फिरत उंच जातात. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटं आकाश तपासा. घारींच्या घोळक्यात एखादा वेगळ्या शेपटीचा, रुंद पंखांचा पक्षी दिसतोच.

मग जेवा, आणि जेवणानंतर वही पुरी करा. सकाळचं सगळं दुपारपर्यंतच ताजं असतं. रात्रीवर टाकलंत तर धोबी आणि तुतारी यांची सरमिसळ झालीच म्हणून समजा.

संध्याकाळ: दिवे घाटावरचा माळ

हडपसर, फुरसुंगी करत पालखीच्या रस्त्याने दिवे घाट चढा. अडीचच्या सुमाराला निघालात तर साडेतीनपर्यंत माळावर पोचता. सासवड आणि पुढे जेजुरीच्या वाटेवर दोन्ही अंगांना गवताचे, खुरट्या बाभळींचे, दगडांचे माळ आहेत. बऱ्याच माळांवर आता प्लॉटिंगची कुंपणं पडली आहेत. जिथे उघडा माळ दिसेल तिथे डांबरी रस्ता न सोडता गाडी कडेला लावा आणि पायवाटेने, बैलगाडीच्या चाकोरीने जा. शेत ओलांडायचं असेल तर आधी विचारा. “राम राम मामा, बांधावरून जरा पुढे जाऊ का? पक्षी बघायचेत,” एवढं म्हटलं की सहसा कुणी अडवत नाही. उलट काल कुठे तित्तर ओरडत होते, कोल्हा कोणत्या ओढ्यात उतरतो, हे ती माणसंच सांगतात.

नदीवर पक्षी समोर मांडलेले असतात, माळावर ते शोधावे लागतात. वीस पावलं चाला, थांबा, दुर्बिणीने जमीन उजवीकडून डावीकडे सावकाश बघा, मग पुढची वीस पावलं. मातीच्याच रंगाचे चंडोल आणि तीरचिमण्या पळून मग थबकतात, तेव्हाच दिसतात. पोट आणि चेहऱ्यावर काळा रंग असलेला छोटा चंडोल हवेत झेपा घेत वरखाली होत असेल तर तो डोंबारी. उंच पायांचा, विटकरी छातीचा, डोळ्यातून काळी-पांढरी रेघ गेलेला पक्षी भरभर पळून एकदम ताठ उभा राहिला तर धाविक. तो दिसला तर त्या दिवशी माळाने तुम्हाला भरभरून दिलं असं समजा. काट्यांच्या शेंड्यावर खाटीक, गवताच्या काडीवर गप्पीदास, तारेवर नीलपंख आणि कोतवाल हे सोपे आहेत.

आकाशात एकाच जागी पंख मारत स्थिर राहिलेला पक्षी दिसला तर घाई करू नका, दोन शक्यता आहेत. विटकरी-तपकिरी पाठीचा आणि लांब शेपटीचा असेल तर खरूची, हिवाळी पाहुणा. पांढरा-राखी, खांद्यावर काळा आणि डोळे लाल असतील तर कापशी घार, इथली रहिवासी. दोघंही उंदीर आणि टोळांसाठी माळाकडे बघत असतात.

पाचनंतर गवताच्या वरून, हातभर उंचीने, एकही पंख न हलवता वळत जाणारे भोवते शोधा. नर फिकट राखी, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. टोळ, छोटे पक्षी, सरडे हे त्यांचं खाणं. सूर्य मावळताना ते झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर, अनेकदा एकत्र रात्र काढतात. म्हणून सहानंतर उंच गवतात शिरू नका, आणि बॅटरीचा झोत तर नकोच.

याच परिसरात ज्वारी असेल आणि हुरडा धरला असेल तर भोरड्या दिसल्यावाचून राहणार नाहीत. काळं डोकं, काळे पंख, मधलं अंग फिकट गुलाबी. शेकड्यांच्या, कधी हजारांच्या थव्याने त्या कणसांवर उतरतात आणि माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवून, डबे वाजवून त्यांना उठवतो. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच भोरड्या टोळ आणि किडेही प्रचंड खातात, हेही खरं. संध्याकाळी वस्तीच्या झाडांकडे जाताना सगळा थवा एकदम वळतो, पसरतो, पुन्हा आवळला जातो. त्या वेळी दुर्बीण खाली ठेवा, नुसत्या डोळ्यांनीच बघा.

माळाला सरकारी कागदात आणि आपल्या बोलण्यातही ‘पडीक’ म्हणतात, आणि चांगल्या मनाची माणसं तिथे खड्डे खणून झाडं लावतात. धाविक, चंडोल, भोवत्या, लांडगा, खोकड यांना उघडं गवतच लागतं. झाडांची दाटी झाली की ते निघून जातात. झाडं लावायला शहरात जागा शोधा, माळ माळच राहू द्या. या अधिवासासाठी राखलेलं क्षेत्र बघायचं असेल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा आणि माळपक्षी दोन्हींसाठी जावं असं.

पाळायच्या काही गोष्टी

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवू नका. तो प्रतिस्पर्धी आला समजून चरणं सोडतो आणि दमतो. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून दगड मारणारे, हाकारणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना शांतपणे पण तिथल्या तिथे टोका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाला प्रत्येक उड्डाणाची किंमत खाऊन भरून काढावी लागते. कुरवांना (सीगल) शेव-गाठी घालू नका. घुबडाची ढोली किंवा घरटं सापडलं तर जागा सगळीकडे पसरवू नका.

नोंद

वहीत तारीख, जागा, वेळ, हवा आणि प्रत्येक पक्ष्याचा अंदाजे आकडा लिहा. मोठ्या थव्यातले दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघा आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते पाहा. आकडा अगदी अचूक येत नाही, पण ‘खूप’ लिहिण्यापेक्षा शंभरपट उपयोगी असतो. रात्री ही यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. कावळे, कबुतरं, साळुंक्याही लिहा. नेहमीचे पक्षी कमी होऊ लागले तर ते अशाच याद्यांतून कळतं. पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप नाव सुचवतं, तेवढंच त्याचं काम. स्वतः पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर यादीत घालू नका. न ओळखलेला पक्षी ‘न ओळखलेला’ म्हणूनच राहू द्या.

एकट्याने जमत नसेल तर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात गावोगावी फेऱ्या निघतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून २०२० पासून राज्यात हा सप्ताह साजरा होतो. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवसांची पक्षीगणना असते, तेव्हा पंधरा मिनिटं गच्चीवरून केलेली नोंदही चालते.

पुढची खेप

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कवडीपाटलाच जा, त्याच दगडावर बसा. आता धोबी पटकन ओळखू येतील आणि तुतारीकडे लक्ष द्यायला वेळ मिळेल. जंगलातले पक्षी बघायचे असतील तर सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीच्या बाजूने ओढ्याच्या उरलेल्या डबक्यांजवळ दुपारी बसा. ओढा आटत जातो तसे स्वर्गीय नर्तक, कस्तूर, माशीमार, चष्मेवाले पाणी प्यायला आणि अंघोळीला तिथेच येतात.

भिगवण फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. सोलापूर रस्त्यानेच साधारण शंभर किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. पाणी उतरून उथळ दलदल उघडी पडली की रोहित येतात. पट्टकादंब, चमचे, कुरव आणि सुरय असतातच. कुंभारगाव आणि डिकसळला स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात. शनिवार-रविवार टाळा, सूर्योदयाची होडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा, आणि नावाड्याला बसतानाच सांगा: थव्याच्या फार जवळ न्यायचं नाही, लांबूनच बघायचं आहे.